कोवळे ऊन मनाला, चढते ऊन हाडांना

पहाटे उठणे, स्नान, उगवत्या सूर्याला अर्घ्य, मग बारा सूर्यनमस्कार. आपल्यापैकी अनेकांचा दिवस असा सुरू होतो. मग एखाद्या वर्षी कंबर आणि मांड्या दुखू लागतात, जिना चढताना गुडघ्यांवर हात ठेवावा लागतो, जमिनीवर मांडी घालून बसल्यावर उठताना आधार शोधावा लागतो. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात आणि अहवालात ‘ड’ जीवनसत्त्वासमोर नऊ किंवा अकरा असा आकडा दिसतो. तेव्हा तोंडून निघणारे पहिले वाक्य ठरलेले असते : “पण मी तर रोज उन्हात असतो!”

हे वाक्य खरे असते, आणि अहवालही खरा असतो. दोन्ही खरे कसे, हे आजच्या पाठात समजून घेऊ. ऊन शरीरात दोन निरनिराळी कामे करते. एक काम डोळ्यांवाटे होते, त्याचा संबंध झोपेशी आणि मनाच्या प्रसन्नतेशी आहे. दुसरे त्वचेवाटे होते, त्याचा संबंध हाडांशी आणि स्नायूंशी आहे. या दोन कामांच्या वेळा वेगळ्या आहेत. पहाटेच्या उन्हाने पहिले काम उत्तम होते, दुसरे जवळजवळ होतच नाही.

लखनौने काय दाखवले

आपल्या देशात ऊन मुबलक, म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता हा थंड देशांचा आजार, असे डॉक्टरसुद्धा बराच काळ मानत होते. हा समज मोडणाऱ्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी काही लखनौत झाले. तिथल्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी (त्यांत गोडबोले हे आपल्या ओळखीचे आडनावही आहे) रुग्णालयातल्याच ९२ निरोगी कर्मचाऱ्यांचे रक्त तपासले. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. मिलिलिटरमागे १५ नॅनोग्रॅम ही मर्यादा धरली तर दर तिघांपैकी दोघांत ‘ड’ कमी होते. मर्यादा २० धरली तर कमी असणारे ७८ टक्के झाले. लक्षात घ्या, ही माणसे आजारी नव्हती आणि गरीबही नव्हती. ती फक्त दिवसभर छपराखाली काम करणारी होती.

पुढच्याच वर्षी लखनौतल्या २०७ गर्भवतींचा अभ्यास आला. शंभरातील ८४ जणींत ‘ड’ अपुरे होते. संशोधकांनी शहरी आणि ग्रामीण स्त्रियांचे आकडे वेगळे काढले, तर दोन्हीकडे जवळजवळ तेच प्रमाण निघाले. खेड्यात राहिल्याने ऊन आपोआप मिळते हा समज तिथे गळून पडला. आईच्या रक्तात कमी म्हणून बाळाच्या नाळेतील रक्तातही कमी. बाळ जन्माला येतानाच रिकामी शिदोरी घेऊन येत होते.

त्यानंतर, २००९ मध्ये, लखनौजवळच्या खेड्यांतील किशोरवयीन मुली आणि गर्भवती यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुसंख्य मुलींमध्ये कमतरता होती. गर्भवतींमध्ये उन्हाळ्यात मोजलेले प्रमाण हिवाळ्याच्या साधारण दुप्पट होते. पण त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे : मुलींमधले प्रमाण त्यांच्या सख्ख्या भावांपेक्षाही कमी होते. घर तेच, ताटातले अन्न तेच, आकाशातला सूर्य तोच. भाऊ अंगणाबाहेर होता, बहीण चुलीपाशी.

महाराष्ट्रात हे चित्र शंभर वर्षांपूर्वीच कोणी तरी पाहून ठेवले होते. हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी नाशिक जिल्ह्यात मुडदूस आणि हाडे मऊ पडण्याच्या विकाराचा अभ्यास करून तो १९२२ मध्ये छापला. मुडदूस त्यांना सापडला तो पडद्यात राहणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांत. निकृष्ट अन्न खाणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो जवळजवळ नव्हता. तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्वाची ओळख नुकतीच पटू लागली होती. तरी बंद दाराआडचे जगणे हाडांना मानवत नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

त्वचेत काय घडते

आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलचाच एक भाऊबंद असलेला पदार्थ असतो. त्यावर सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ‘ब’ गटाचे किरण पडले की त्याचे रूपांतर होते, अंगाच्या उबेने ते पूर्ण होते आणि ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. पुढे यकृत आणि मग मूत्रपिंड त्याला कामाच्या रूपात आणतात. आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ते लागते. म्हणून दूध भरपूर पिऊनही ‘ड’ नसेल तर त्या कॅल्शियमचा मोठा भाग वाया जातो.

मेख अशी की हे ‘ब’ किरण नाजूक असतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना हवेच्या थरातून तिरका, लांबचा प्रवास करावा लागतो आणि वाटेतच ओझोन त्यांना शोषून घेतो. आपल्यापर्यंत पोहोचते ती ऊब, तांबूस प्रकाश आणि ‘अ’ गटाचे किरण. खिडकीची काचही हेच करते. ‘ब’ किरण अडवते, ‘अ’ किरण बरेचसे आत सोडते. काचेमागे आरामखुर्चीत बसून घेतलेल्या उन्हाने त्वचा काळवंडू शकते, ‘ड’ मात्र मिळत नाही.

धूर आणि धूळ हा तिसरा अडसर. दिल्लीत लहान मुलांवर झालेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहा. दाट प्रदूषणाच्या मोरी गेट भागातील बाळांमध्ये ‘ड’चे सरासरी प्रमाण १२.४ नॅनोग्रॅम होते. तुलनेने स्वच्छ हवेच्या गुडगावमधील बाळांत ते २७.१ होते. लखनौच्या हिवाळ्यातील धुके आणि धूर पाहिलेल्यांना यापुढे अधिक सांगायला नको.

घड्याळ नको, सावली पाहा

मग योग्य वेळ कोणती? यासाठी एक साधे माप आहे. सपाट जागी उभे राहा आणि स्वतःची सावली पाहा. सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर सूर्य अजून खाली आहे, ‘ब’ किरण फारच थोडे मिळतील. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की ते पुरेसे येऊ लागतात. हे माप अंदाजाचे आहे, पण घड्याळापेक्षा भरवशाचे. कारण आपले घड्याळ देशभर एक आहे, सूर्य मात्र नाही. लखनौत सूर्य सरासरी बारा वाजून पाच-सहा मिनिटांनी माथ्यावर येतो, मुंबई-पुण्यात साडेबारा उलटून गेल्यावर. लखनौच्या बहिणीने फोनवर सांगितलेली वेळ पुण्याच्या बहिणीला लागू पडत नाही ती यामुळे.

ऋतूनेही मोठा फरक पडतो. मे महिन्याच्या मध्यास लखनौत सकाळी नऊच्या आतच सावली उंचीएवढी होते, पुण्यात सव्वानऊ-साडेनऊला. म्हणजे उन्हाळ्यात लू सुटायच्या कितीतरी आधी तुमचे काम होऊन जाते. भर दुपारी बाहेर पडायचे काही कारणच उरत नाही. डिसेंबरच्या शेवटी उलटे. पुण्यात साधारण साडेअकरा ते दीड एवढ्याच वेळात सावली उंचीपेक्षा आखूड असते. आणि लखनौत? तिथे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत भर मध्यान्हीही सावली माणसापेक्षा लांबच राहते. सर्वांत लहान दिवशी पाच फुटांच्या माणसाची दुपारी बाराची सावली सहा फूट असते. उत्तर भारतात राहणाऱ्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. तिथल्या हिवाळ्यात गच्चीवर शेंगदाणे सोलत ‘धूप सेंकणे’ हा मोठा आनंद आहे, तो जरूर घ्यावा. पण त्या दोन-अडीच महिन्यांत त्वचेची गिरणी मंद चालते. दळण आधीच करून ठेवलेले बरे. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरल्यापासून ऑक्टोबरभर, धुके उतरण्याआधी, नियमाने ऊन घ्यावे. ‘ड’ शरीरातील चरबीत काही काळ साठते. रक्तातील प्रमाण एकदम नाहीसे होत नाही, काही आठवड्यांत हळूहळू उतरते.

साठवणीवरून आठवले. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सांडगे घालताना घरातल्या बायका सकाळी अंगणात किंवा गच्चीवर वाळवणाची राखण करत बसत. डाळ-तांदळाबरोबर त्यांचीही बेगमी होत होती, हे कोणाच्या ध्यानात नव्हते. आता पाकीट दुकानातून येते आणि सोसायटीच्या गच्चीला कुलूप असते.

किती वेळ?

सर्वांना लागू पडेल असा एक आकडा देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहावे. गोऱ्या कातडीच्या देशांसाठी सांगितलेली दहा-पंधरा मिनिटे आपल्याला बहुधा पुरत नाहीत. त्वचेतील रंगद्रव्य हे निसर्गाने दिलेले छत्र आहे. ते जळण्यापासून वाचवते आणि त्याच वेळी ‘ड’ बनण्याचा वेग कमी करते. पुण्याच्या संशोधकांनी पुरुषांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला. कामाच्या ओघात, नेहमीच्या कपड्यांत मिळणारे ऊन दिवसाला एक तासाहून अधिक असेल, तेव्हा ‘ड’चे प्रमाण ठीक राहते, असे त्यात दिसले. नेहमीच्या कपड्यांत म्हणजे चेहरा आणि हातच काय ते उघडे, हे ध्यानात घ्या.

यातून व्यवहाराचा मार्ग असा निघतो. जितके अंग उघडे, तितका वेळ कमी. कोपराखालचे हात, गुडघ्याखालचे पाय, मान आणि चेहरा उघडा असेल, सावली आखूड असेल, तर वीस ते तीस मिनिटे, आठवड्यातून चार-पाच दिवस, ही बहुतेक निरोगी प्रौढांसाठी सुरुवात करण्याजोगी मात्रा आहे. नुसते हात आणि चेहरा उघडा ठेवणार असाल तर वेळ वाढवावा लागेल. त्वचा चुरचुरू लागली, तांबूस दिसू लागली की थांबायचे. त्यापुढे थांबण्यात लाभही नाही. ठराविक पातळीनंतर तेच ऊन नव्याने तयार झालेले ‘ड’ मोडू लागते. म्हणूनच उन्हामुळे ‘ड’ची विषबाधा कधी होत नाही, आणि म्हणूनच रविवारी तीन तास उन्हात बसून आठवड्याची भरपाई होत नाही.

वय वाढते तशी त्वचेची ही क्षमता घटते. सत्तरीतल्या त्वचेत तरुणाच्या तुलनेत साधारण पाव हिस्साच ‘ड’ बनते. घरातील आजी-आजोबांना केवळ उन्हावर सोडू नका. त्यांची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी द्यावी. तान्ह्या बाळाचेही तसेच. तेल लावून कोवळ्या उन्हात शेकण्याची आपली रीत गोड आहे, बाळाला ऊब मिळते, आईला दोन घटका बाहेर बसता येते. पण ‘ड’साठी तेवढ्यावर विसंबू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांची शिफारस पहिले वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब देण्याची आहे. लखनौच्या गर्भवतींचे आकडे आठवले की त्यामागचे कारण कळते.

आता घरातील स्त्रियांविषयी थोडे थांबून बोलू, कारण खरी अडचण तिथे आहे. ऊन फुकट आहे, पण ते घ्यायला अर्धा तास मोकळा लागतो आणि जरा आडोशाची उघडी जागा लागते. सकाळी साडेदहा-अकराला, सूर्य नेमका योग्य उंचीवर असताना, बहुतेक गृहिणी ओट्यापाशी असतात. नोकरी करणारी स्त्री कार्यालयात वातानुकूलित खोलीत असते. किशोरवयीन मुलीला तर लहानपणापासून ऐकवलेले असते, “उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील.” हे वाक्य लखनौतही चालते आणि सांगलीतही. मुलीच्या हाडांत कॅल्शियम भरण्याची हीच तर वर्षे! तुमच्या घरात हे वाक्य बोलले जात असेल तर ते आजपासून बंद करा. भाजी निवडणे, लसूण सोलणे, धुणे वाळत घालणे, ही कामे अकराच्या सुमारास गच्चीवर नेता येतात. सोसायटीच्या सचिवांकडे गच्चीची किल्ली मागायला संकोच वाटत असेल, तर चार जणी मिळून मागा.

आणि मन?

इथे पहाटेच्या उन्हाला त्याचा मान परत द्यायला हवा. डोळ्याच्या पडद्यात दिसण्याचे काम न करणाऱ्या, पण प्रकाशाची नोंद घेणाऱ्या काही पेशी असतात. त्या मेंदूतील जैविक घड्याळाला ‘दिवस उजाडला’ हा निरोप देतात. निरोप वेळेवर गेला की रात्रीची झोप वेळेवर येते, सकाळी तरतरी वाटते, मन स्थिर राहते. यासाठी लागतो तो भरपूर प्रकाश. ‘ब’ किरणांची गरज नाही. दिवे लावलेल्या खोलीत प्रकाश साधारण शंभर ते पाचशे लक्स असतो. ढगाळ सकाळी बाहेर तो काही हजार असतो आणि उघड्या उन्हात कितीतरी अधिक. म्हणून धुक्याच्या दिवशीसुद्धा सकाळी अर्धा तास बाहेर चालणे फुकट जात नाही.

उत्तरेकडील देशांत हिवाळा आला की काही जणांना नेमाने उदासी येते. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये तिचे वर्णन केले आणि प्रखर प्रकाशाचा उपचार पुढे आणला. आजही त्यासाठी सकाळी सुमारे अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसवतात. याउलट ‘ड’च्या गोळीने उदासी टळते का, हे अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक प्रौढांवर पाच वर्षे तपासले गेले. २०२० मध्ये निष्कर्ष आला : गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. मनाला जे बरे वाटते ते प्रकाशाने, मोकळ्या हवेने, चालण्याने. गोळी हाडांसाठी आहे. तेव्हा सकाळची उपासना आणि सूर्यनमस्कार सोडण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्याकडून ‘ड’ची अपेक्षा तेवढी करू नका.

कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्न असेल, झोप-भूक हरपली असेल, जगण्यात रस उरला नसेल, तर त्याला “सकाळी उन्हात फिर” एवढे सांगून मोकळे होऊ नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

काही सावधगिरी

सूर्याकडे टक लावून पाहू नका. उगवतीचा तांबूस गोळा सौम्य वाटतो म्हणून काही जण त्यावर त्राटक करतात आणि दिवसागणिक वेळ वाढवतात. डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा दुखत नाही, म्हणून ती होताना कळत नाही, आणि नेहमीच भरून येते असे नाही. अर्घ्य देताना दृष्टी पाण्याच्या धारेवर किंवा खाली ठेवा. त्राटक करायचेच तर ज्योतीवर करा.

उन्हात बसताना डोक्यावर पदर, टोपी किंवा पंचा असू द्या. डोके झाकल्याने ‘ड’मध्ये फारसा तोटा नाही. वर्षानुवर्षे तीव्र उन्हात काम करणाऱ्यांना मोतीबिंदूचा धोका वाढतो, त्यांनी काठाची टोपी आणि गॉगल वापरावा. चेहऱ्यावर वांग असेल तर चेहरा झाकून हात-पाय उघडे ठेवा. ज्यांना उन्हाने पुरळ उठते, ल्यूपससारखा विकार आहे किंवा उन्हाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे चालू आहेत, त्यांनी आधी विचारावे. एप्रिल-मे-जूनमध्ये चाळिशीपलीकडे पारा गेलेला असताना उघड्यावर बसणे हे उष्माघाताला बोलावणे आहे, मग सावली कितीही आखूड असो.

आणखी एक. औषधाच्या दुकानात ६०,००० एककांची पुडी सहज मिळते. ती बहुधा आठवड्यातून एक, ठराविक आठवडे, अशी लिहून दिलेली असते. काही जण ती रोज घेतात, काही शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून सुरू करतात. उन्हाने जे कधी होत नाही ते गोळीने होते. रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा येतो, मूत्रपिंडावर ताण पडतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचवलेली रोजची गरज ६०० एककांची आहे. त्यापुढची मात्रा तपासणीनंतर, डॉक्टरांनी ठरवलेलीच घ्यावी. शाकाहारी आहारातून ‘ड’ फारच थोडे मिळते. दूध घेताना पिशवीवर ते मिसळल्याची खूण आहे का, तेवढे पाहा.

या आठवड्याचा अभ्यास

तुमच्या गच्चीवर, अंगणात किंवा फाटकापाशी एखाद्या स्वच्छ दिवशी सकाळी आठपासून दर तासाला उभे राहा. खडूने टाचेपाशी एक आणि सावलीच्या डोक्यापाशी दुसरी खूण करा. अंतर आपल्या उंचीशी पडताळा. सावली कितीला उंचीएवढी झाली आणि दुपारी कितीला पुन्हा लांबली, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिन्यातून एकदा हे पुन्हा करा. दोन वेळांमध्ये तुमच्या घरातील कोण कोण किती वेळ उघड्यावर होते, तेही त्याच चौकोनात लिहा, आणि ज्याच्या नावापुढे काहीच लिहिता आले नाही त्याला दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबर वर घेऊन जा.